गोकुळ आणि गोकुळ-गास्ट

थांब रोहिणी, चहा नंतर ओत, आधी ऐका. मध्ये थांबले तर मी रडेन नाहीतर हसत सुटेन, आणि मग सांगायचं राहूनच जाईल. आणि श्रीरंग, तू मध्ये 'पण' म्हणायचं नाहीस. तुझा 'पण' आत्ताच तुझ्या तोंडावर आलाय. शेवटी बोल.

तर माझी फ्रँकफर्टची रूम. हृषिकेशदादा आणि मुक्तावहिनींचं घर. दादा गाड्यांच्या गिअरबॉक्सच्या कंपनीत इंजिनिअर, वहिनी बँकेत. मोठं घर भाड्याने घेतलेलं, त्यातल्या दोन खोल्या आपल्या पोरांना द्यायच्या, मराठीच, कारण आपलं माणूस बरं पडतं, असं त्यांचं म्हणणं. मागच्या सप्टेंबरात तिथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर जाहिरात आली आणि मी लगेच फोन लावला. वहिनी म्हणतात, "क्रांती? वडील कम्युनिस्ट का गं तुझे?" म्हटलं, नाही, एसटीत मेकॅनिक होते. खो खो हसल्या. मग म्हणे, "जाधव म्हणजे आमच्या साताऱ्याकडचे?" म्हटलं, परभणी. "हां हां, मराठवाडा." झालं, विषय संपला. माझ्याबद्दल काय ते त्यांनी मनात भरून घेतलं आणि मी काही ते पुसायला गेले नाही. कशाला जाऊ? फ्रँकफर्टमध्ये रूम मिळत होती, तीही आनमेल्डुंगसकट! श्रीरंग, तुझं सगळं कंपनीने करून दिलं म्हणून तुला त्याची किंमत नाही. पत्त्याची नोंदणी नसेल तर इथे बँक नाही, विमा नाही, व्हिसा नाही. तुम्ही हाडामांसाचे असून नसताच.

आणि खरं सांगते, चांगले होते गं दोघं. पहिल्याच दिवशी वहिनींनी फोन पुढे केला, म्हणाल्या, "स्कॅन कर, आमचं वायफाय, नाव गोकुळ." रविवारी साबुदाण्याची खिचडी केली की दारावर टकटक. मला सर्दी झाली तर दादा आल्याचा काढा घेऊन उभे. मी आईला सांगायचे, देवमाणसं भेटली. आई म्हणायची, देव नको म्हणू, नुसती माणसं म्हण.

मग चौदा एप्रिल. तुम्ही सगळे होतातच. इथे कार्ल्सरूहेला जयंती केली, निळे फेटे बांधले, रोहिणीने माझा तो फोटो काढला, मी माईक हातात धरून ओरडतेय तो. मी आपला स्टेटसला ठेवला. वहिनींनी बघितला आणि लिहिलं, "छान दिसतेस." पुढे एक स्माईली. मला वाटलं, वा!

दुसऱ्या दिवशी घरी गेले तर फोनला गोकुळ लागेना. पासवर्ड चुकीचा म्हणे. वहिनींना विचारलं. त्या भाजी चिरत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "अगं, हृषीने राउटर अपडेट केला. आमचे ऑफिसचे लॅपटॉप असतात ना, सिक्युरिटी. तू आता गोकुळ-गास्टवर ये. फुकटच आहे, काळजी करू नकोस."

फुकटच आहे! म्हणजे मी काय पैशाचं विचारत होते?

बरं, गास्ट म्हणजे काय ते मला कळतं की, मी तेच शिकलेय. पाहुण्यांचं नेटवर्क. एकच राउटर, एकच वायर, पण आत भिंत. गास्टवरच्या मशीनला घरातलं एकही मशीन दिसत नाही, त्याला शिवता येत नाही. घरातली मशीनं आपापसात बोलतात, तुम्ही बाहेरच्या बाहेर नेटवर जा आणि बाहेरच्या बाहेर परत या. वर दादांनी सेटिंगमध्ये एक खूण करून ठेवलेली, की गास्टवर फक्त ब्राउझिंग आणि मेल. म्हणजे व्हिडिओ कॉल बंद. माझी खोली मागच्या बाजूला, जुन्या जाड भिंती, मोबाइलला रेंज नाही. मग बाबांना फोन करायचा तर खाली होफमध्ये, मागच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्यांपाशी. बाबा विचारायचे, "क्रांते, ते मागे पिवळे डबे कशाचे गं? रोज तिथेच का उभी राहते?" मी म्हणायचे, बाबा, इथे ऊन छान येतं.

हसू नकोस रोहिणी. बरं, हस.

तरी मी म्हटलं, असेल सिक्युरिटी. मीच दुसऱ्या कुणाला हेच करायला सांगितलं असतं. वहिनींना एकदा म्हटलं, निदान ती व्हिडिओची खूण काढा, तर म्हणाल्या, हृषीला विचारते. नंतर मला वाटलं ऑफिसच्या गडबडीत विसरल्या असतील.

मग नीलिमा आली. पुण्याची, इंटर्नशिपला, शेजारच्या छोट्या खोलीत. गोड पोरगी, ताई ताई करत मागे मागे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी किचनमध्ये बसून आईशी व्हिडिओ कॉल, आईला खिडकी दाखव, शेगडी दाखव, एकदाही अडकणं नाही. मी विचारलं, "तुझं कसं चालतं गं हे?"

"म्हणजे? वायफायवर. गोकुळ."

"गोकुळ-गास्ट ना?"

"नाही, नुसतं गोकुळ. वहिनींनी आल्या आल्या स्कॅन करायला दिलं. का गं ताई, तुझ्याकडे नाही? मागून घे ना."

म्हटलं, "मी सप्टेंबरपासून त्याच्यावरच होते."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. म्हणजे तिचा चेहराच असा झाला, की चमचा तोंडापर्यंत गेलेला आणि आत जाईना. हळूच म्हणाली, "मी देऊ का तुला?" आणि लगेच, मी काही बोलायच्या आत, "पण वहिनींना कळलं तर?" म्हटलं, राहू दे गं, कामाला जा.

त्या दिवसापासून मला सिक्युरिटी वाटायचं बंद झालं.

आता माझी गोची ऐका. माझा रूमचा करार मेअखेरपर्यंत. नोकरी लागलीये, जुलैत जॉइन व्हायचंय, त्यासाठी विद्यार्थी व्हिसा बदलायचा, आणि त्याचा टेर्मिन, म्हणजे ऑफिसातली अपॉइंटमेंट, जूनमध्ये, तोही किती महिने वाट बघून मिळालेला. त्या दिवशी माझा पत्ता फ्रँकफर्टचा हवा. पत्ता गेला तर टेर्मिन गेला, टेर्मिन गेला तर नोकरी. आणि करार वाढवायचा की नाही ते दादांच्या हातात. दादा म्हणायचे, "हो हो, बघू, मंडळाचा कार्यक्रम होऊ दे."

तर तो कार्यक्रम. एक मे, महाराष्ट्र दिन. दादा मंडळाचे सांस्कृतिक काहीतरी आहेत. जेवताना म्हणाले, "या वर्षी नाच-गाणी कमी, जरा वैचारिक. तरुणांचा वादविवाद ठेवलाय. विषय, इंटरनेट सगळ्यांना फुकट असावं का? नीलिमा, तू विरोधात. क्रांती, तू बाजूने बोल. फुकट म्हटल्यावर तुमच्याकडे पॉइंट तयारच असतील."

आणि हसले. वहिनीही हसल्या. मग माझ्याकडे बघून दादा म्हणाले, "म्हणजे आयटीवाली आहेस ना, म्हणून म्हटलं."

बघा काय सफाई! तुम्ही पकडायला जाल तर हातात काही लागतच नाही. मी ताटातली कोशिंबीर बघत बसले.

खाली डब्यांपाशी जाऊन बाबांना सांगितलं सगळं. बाबा म्हणाले, "बाई, आधी कागद होऊ दे. मग काय बोलायचं ते बोल." मी म्हटलं, बाबा, नाव क्रांती कुणी ठेवलं? म्हणाले, "ठेवलं तेव्हा तुला परक्या देशात खोली लागेल हे कुठं माहीत होतं?" मला इतकं हसू आलं आणि इतका राग आला. माझे बाबा, दादाराव जाधव, ज्यांनी डेपो मॅनेजरच्या टेबलावर चढून घोषणा दिल्या, ते मला सांगतायत गप्प बस.

मी ठरवलंही होतं गप्प बसायचं. खरंच! नुसते साधे मुद्दे काढले. इथे टेर्मिन ऑनलाइन, बँक ऑनलाइन, पोरांचा गृहपाठ ऑनलाइन, ज्याच्याकडे नेट नाही त्याने जायचं कुठे? आमच्या चौकातल्या लायब्ररीचं वायफाय रस्त्यावरही येतं, म्हणून लायब्ररी बंद झाल्यावरही भिंतीला टेकून लोक उभे असतात, थंडीत, एका हाताचा ग्लोव्ह काढून. बायका फॉर्म भरत असतात तिथे. एवढंच बोलायचं, टाळ्या घ्यायच्या, करार वाढवून घ्यायचा. बस, झालं.

हॉल भरलेला. साड्या, नेहरू जॅकेटं, बाहेर वडापावची रांग. दादांनी माईकवर ओळख करून दिली, "क्रांती जाधव, आमच्या घरातलीच मुलगी." टाळ्या. आधी नीलिमा बोलली, आणि छान बोलली हं! म्हणाली, फुकट दिलेल्या गोष्टीची कदर राहत नाही. इंटरनेट फुकट केलं तर लोक रील्स बघत लोळणार आणि कर आपण भरणार. "ज्याला हवं त्याने कमवावं, आपण सगळे इथे मेहनतीनेच आलो ना?" हॉल नुसता डोलत होता. मागून कुणीतरी ओरडलं, "आणि मेरिटवर!" हशा. दादा माईकमध्ये म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर!"

मग मी उठले. लायब्ररीचं बोलले. टेर्मिनचं बोलले. टाळ्याही आल्या. दादांनी मान हलवली, म्हणजे छान, बस आता खाली. आणि मी बसणार होते, आईशप्पथ सांगते, बसायला वळलेच होते. पण ते 'आमच्या घरातलीच' डोक्यात वाजत होतं ना.

मी परत माईक धरला. म्हटलं, एक सांगायचं राहिलं. आपण सगळे फुकट फुकट करतोय, पण मला वाटतं भांडण किमतीचं नाहीच. महाडच्या तळ्याचं पाणी काय विकत होतं? फुकटच होतं. गावाचं तळं, नगरपालिकेचा ठरावही झालेला, सगळ्यांना खुलं म्हणून. तरी घोटभर प्यायला हजारो माणसांना चालत जावं लागलं, आणि प्यायल्याबद्दल डोकी फोडून घ्यावी लागली. फुकट असणं वेगळं आणि तुम्हाला असणं वेगळं. मी राहते त्या घरात इंटरनेट मला फुकटच आहे. पण घरात नेटवर्क दोन आहेत. एक घरचं, एक बाहेरच्यांचं. सात महिने मी घरची होते. चौदा एप्रिलला माझा एक फोटो आला आणि पंधरा एप्रिलला मी बाहेरची झाले. मध्ये काय बदललं? राउटर तोच, मी तीच.

बाहेर वडे तळत होते त्याचा आवाज आत येत होता.

मी नीलिमाला विचारलं. वादविवादात प्रश्न विचारता येतो ना समोरच्याला. म्हटलं, "नीलिमा, तू त्याच घरात राहतेस. तू कुठल्या नेटवर्कवर आहेस?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग दादांकडे, मग वहिनींकडे. वहिनी पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरून. आणि नीलिमा म्हणाली, "मला काही माहीत नाही ताई. काहीतरी टेक्निकल असेल."

बस्स. दादांनी लगेच माईक घेतला, मोठ्याने हसले, "अगं, ऑफिसची सिक्युरिटी असते ती! आयटीवाली असून एवढं कळत नाही तुला? राउटरलाही जात लावलीस!" आणि हॉल हसला. सुटल्यासारखा हसला, माहितीये? त्यांना हसायला काहीतरी हवंच होतं, ते मिळालं. पुढच्या रांगेतले एक परीक्षक काका शेजारच्यांना म्हणाले, "उदाहरण मात्र इमोशनल दिलं पोरीने." आणि त्याचेच मार्क दिले मला. दुसरा नंबर! पहिला नीलिमाला, प्रॅक्टिकल विचार म्हणून.

नाही रोहिणी, थांब, अजून संपलं नाही. कारण घरी जायचं त्यांच्याच गाडीतून. आलो त्यांच्याबरोबर, सामान त्यांच्या डिकीत. पुढे दादा-वहिनी, मागे मी आणि नीलिमा, मध्ये तिची ट्रॉफी. पूल ओलांडला. मग वहिनी म्हणाल्या, पुढेच बघत, "आम्ही तुला कधी वेगळं वागवलं गं? दर रविवारी खिचडीला तुला हाक मारली नाही का?"

मी म्हटलं, "मारलीत. चौदा एप्रिलच्या आधीच्या रविवारपर्यंत."

दादांनी गिअर बदलला. म्हणाले, "इंटरनेटच हवं होतं तर मागायचं. एवढ्या लोकांसमोर तमाशा कशाला? बरं, घे, पासवर्ड लिहून घे. मेअखेर वापर काय वापरायचं ते." आणि सांगायलाच लागले, गाडी चालवता चालवता, अक्षर अक्षर, मध्ये सिग्नल लागला तर थांबले, मग पुढचं अक्षर. मी म्हटलं, राहू द्या दादा. नको.

"बघ मुक्ता," दादा म्हणाले. "दिलं तरी नको यांना."

यांना! गाडीत नको म्हणणारी मी एकटी होते, आणि ते म्हणाले यांना.

मग मला कळलं मेअखेर म्हणजे काय. मी विचारलं, आणि जूनमध्ये? वहिनी म्हणाल्या, "अगं हो, सांगायचं राहिलं. हृषीच्या आई येणारेत. त्यांना मागची शांत खोली बरी." रेंज नसलेली खोली सासूबाईंना बरी! नीलिमा खिडकीबाहेर बघत होती. ट्रॉफी वळणावर माझ्या गुडघ्याला लागली, तर तिने पटकन सरकवून घेतली आणि "सॉरी" म्हणाली.

तेव्हापासून मी रूम शोधतेय. रोज वीस मेसेज. कुणी बोलावलं तर तिथे रांग, सगळे आपण किती स्वच्छ आणि शांत आहोत ते सांगतायत. व्हिसाच्या ऑफिसमध्ये फोन करून विचारलं, पत्ता दुसऱ्या गावचा झाला तर टेर्मिन? त्या बाई म्हणाल्या, मग तिकडच्या ऑफिसात नव्याने घ्यायचा. इथे रोहिणीच्या हॉस्टेलवर सोफा आहे, पण हॉस्टेल दुसऱ्या नावाची नोंदणी करू देत नाही. नोकरीवाल्यांना अजून सांगितलं नाही. बाबांना तर नाहीच. बाबा काही बोलणार नाहीत, तेच नकोय मला. "सांगितलं होतं" असं ते कधीच म्हणत नाहीत, नुसते हं म्हणतात.

हां श्रीरंग, आता बोल. काढ तुझा 'पण'.

"पण," तो म्हणाला, "खरंच सिक्युरिटी असेल तर? म्हणजे, नीलिमाला चुकून दिला असेल मेन पासवर्ड. तू आधी एकदा शांतपणे..."

"झालं," रोहिणी म्हणाली. "आला वकील."

अगं असू दे, त्याला बोलू दे. असेल रे, श्रीरंग. असेल सिक्युरिटी. नीलिमाला चुकून दिला असेल. फोटो आणि राउटर लागोपाठ हा योगायोग असेल. 'तुमच्याकडे' म्हणजे आयटीवाल्यांकडे असेल. 'यांना' म्हणजे मला आदराने म्हणाले असतील. सासूबाईही येणार असतील, मी त्यांचं तिकीट थोडंच बघितलंय? प्रत्येक गोष्टीला एक वेगळं कारण आहे आणि प्रत्येक कारण चांगलं आहे. फक्त सगळी मिळून मी घराबाहेर आहे. आता तूच सांग, मी काय दाखवू तुला? कुठल्या कोर्टात राउटरची सेटिंग दाखवू?

तो चहा बघ, साय धरली त्यावर. दे इकडे.

आणि आज ट्रेनमध्ये नीलिमाचा मेसेज आला. म्हणजे इतक्या दिवसांनी. लिहिलंय, "ताई, त्या दिवशी मी खोटं बोलले. सॉरी. मला रूम हवी होती." रागावताही येईना मला. वाचलं, परत वाचलं. हॉलमध्ये उभी असताना तिला जे दिसत होतं तेच मलाही दिसत होतं की! तीच खोली, तोच पत्ता, तोच टेर्मिन. ती गप्प बसली, तिची खोली राहिली.

मी लिहिलं, "मलाही हवी होती." पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. तिने वाचलंय.